करगोटा न कापता

निवृत्त झाले त्या दिवशी मी माझ्या जागी आलेल्या बाईंच्या हाती टेबलाचा खण सोपवला. मोजपट्टी, जेलच्या नळ्या, चिकटपट्टीची रिळं, कातडीवर खूण करायचं पेन, कापूस, स्पिरिटची बाटली. एकेक वस्तू त्यांनी यादीत लिहून घेतली. शेवटी खणाच्या कोपऱ्यातली प्लास्टिकची डबी उघडली आणि त्या थबकल्या. आत काळ्या दोऱ्याचे दहा-बारा करगोटे होते.

"हे काय, आक्का? मशीनला दृष्ट लागू नये म्हणून?"

"मशीनला नाही, पेशंटला. कमरेला बांधायला."

"यादीत काय लिहू?"

"काही लिहू नका. पण संपले की आणून ठेवा. गणपत गल्लीत कुठंही मिळतात."

बाई हसल्या. उतारवयात माणूस देवभोळा होतो, असं त्यांना वाटलं असणार. मग मी चहा मागवला आणि त्यांना परशरामची गोष्ट सांगितली. ती सांगायची म्हणजे स्वतःची फजिती सांगायची, पण सांगितली. आता दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा' अशी मागणी आल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही.

आधी काम काय ते सांगते. बेळगावातल्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं मी नसांची तपासणी केली. पाटीवर इंग्रजीत लांबलचक नाव होतं, ते कुणी वाचत नसे. लोकांच्या लेखी ती 'करंटची खोली' आणि मी 'करंटवाल्या आक्का'. टिळकवाडीत भाजी घेताना कुणीतरी ओळख द्यायचं, "आक्का, वळकलासा न्हाय? तुमी मला करंट दिलता बगा!" शेजारचं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकायचं.

मेंदूचा हुकूम नसांमधून स्नायूंपर्यंत जातो. हात किंवा पाय लुळा पडला की बिघाड नसेत आहे की आणखी कुठं, हे शोधावं लागतं. त्यासाठी आम्ही कातडीवरून नसेला विजेचा बारीक झटका द्यायचो. नस तो पुढं नेते, स्नायू उडी मारतो आणि मशीनच्या पडद्यावर एक डोंगर उमटतो. झटका दिल्यापासून डोंगर सुरू होईपर्यंत किती वेळ गेला आणि डोंगर किती उंच आला, ह्या दोन गोष्टी मोजायच्या. वेळ फार लागला तर नसेवरचं आवरण खराब झालं असं समजायचं. उंची घटली तर आतले धागेच कमी झालेत. काहीच उमटलं नाही, नुसती सरळ रेघ आली, तर मामला गंभीर. वायरमन भिंतीतली वायर तपासतो, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की भिंत ओरडत नाही.

मनगट आणि घोटा ही सोपी ठिकाणं. तिथं नस कातडीलगत असते, नवशिक्यालाही सापडते. खरी परीक्षा मांडीच्या नसेची. ही नस जांघेतून खाली उतरते आणि मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला चालवते. त्या स्नायूच्या जोरावर आपला गुडघा ताठ राहतो. तो गेला की माणूस जिना उतरताना मध्येच मोडतो आणि चालताना हातानं स्वतःची मांडी मागं रेटत राहतो. ही नस तपासायची म्हणजे मांडीवर आणि गुडघ्यापाशी मशीनच्या तारांच्या चकत्या चिकटवायच्या. मग जांघेत दोन बोटांनी रक्ताच्या मोठ्या नाडीचे ठोके शोधायचे, ठोक्यांपासून बाहेरच्या अंगाला एक बोट सरकायचं आणि झटक्याचा दांडा तिथं टेकवायचा. नुसता टेकवून भागत नाही. खोल, अंगाचा भार टाकून दाबावा लागतो. आक्का जिवावर उठली असं पेशंटला वाटलं पाहिजे, तेव्हा कुठं ती नस ऐकते.

त्यातून जागा अशी अवघड. बायकांना माझ्यापुढं लाज, पुरुषांना तर दुप्पट लाज. तालमीतला एक पैलवान आला होता, दारातून आत येताना आडवा झाला तरच मावेल असा. लंगोट लावून हजारो माणसांपुढं उभं राहणारा गडी, पण माझ्यापुढं चादर गळ्यापर्यंत ओढून बसला. पहिल्या झटक्याला अशी बोंब ठोकली की बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट उठून घरी गेले. उलट कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार, संपूर्ण तपासणीत डोळ्याची पापणी हलली नाही. मला वाटलं मशीनच बंद पडलं. जाताना मलाच सलाम ठोकून म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे."

आणि निपाणीकडच्या एक जैन काकी मला कायम आठवतात. मी जेलची नळी उघडली तशी त्यांनी माझा हात धरला. "आक्का, ह्या जेलीत प्राण्याचं काय न्हाय न्हवं?" मी चष्मा लावून नळीवरची बारीक अक्षरं त्यांना वाचून दाखवली. नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न आला, "आज माझा उपास हाय. उपासाला करंट चालतो काय वो?" मी म्हटलं, "काकी, तो पोटात जात नाही." त्यांनी घटकाभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग चालतंय. द्या." त्या दिवसापासून मी जेलच्या नळीवरची अक्षरं पाठ करून ठेवली. पुढं निपाणी-चिकोडीकडच्या कितीतरी बायकांना ती उपयोगी पडली.

एवढं करून-सवरून पंचवीस वर्षं गेली आणि मला वाटायला लागलं की मला सगळं येतं. माज म्हणा हवं तर. आमच्या डॉक्टर मॅडम दुसऱ्या ठिकाणचा रिपोर्ट बघून म्हणायच्या, "हे आक्कांकडून परत करून घ्या." हे ऐकून मी खोलीत जरा ताठ चालायची.

परशराम आला तो अशा ताठ चालण्याच्या काळात, मी निवृत्त व्हायच्या चार वर्षं आधी. खानापूरच्या पुढं, जंगलाच्या कडेला त्यांचं गाव. वय चोवीस. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी तो बैलाची शिंगं तासून रंगवत होता. माशी बसली की काय, बैलानं मान झटकली आणि शिंग परशरामच्या जांघेत घुसलं. मोठी रक्तवाहिनी जेमतेम बोटभर अंतरानं वाचली, नाहीतर घरच्या अंगणातच खेळ संपला असता. पण शेजारच्या नसेला मार बसला. तीन आठवड्यांनी जखम भरली, पण गुडघा ताठ राहीना. आईच्या खांद्यावर एक हात आणि दुसऱ्या हातानं मांडी रेटत तो माझ्या खोलीत आला, तेव्हा जखमेच्या कडेला शिंगाचा निळा रंग अजून दिसत होता.

प्रश्न एकच होता. नस तुटली आहे की नुसती चेचली आहे? तुटली असेल तर मोठ्या शहरात नेऊन उघडून बघायचं, जोडायचा प्रयत्न करायचा आणि तरी पाय येईलच असं नाही. चेचली असेल, आतले थोडे जरी धागे शाबूत असतील, तर व्यायाम करत वाट बघायची, पाय परत येतो. म्हणजे पडद्यावर सरळ रेघ येते की एखादा टेकाडाएवढा डोंगर येतो, ह्यावर त्या पोराचा पाय होता. लग्न ठरलेलं होतं. मुलीकडचे 'काय म्हणतात डॉक्टर' म्हणून रोज फोन करत होते.

आई, यल्लूबाई, बाहेर बाकावर बसली. मी नेहमीप्रमाणं आधी चांगल्या पायाची तपासणी केली. असा डोंगर आला की बघत राहावं. मग दुखऱ्या पायाकडं वळले. आईनं रोज खोबरेल चोळून मांडी चकचकीत केली होती. ती स्पिरिटनं पुसली. मग आडवा आला करगोटा.

आमच्याकडं मूल चार दिवसांचं झालं की कमरेला काळा दोरा बांधतात. मोठेपणी कुणाच्या दोऱ्यात चांदीचा मणी असतो, कुणाचा अख्खा गोफ चांदीचा असतो. परशरामच्या दोऱ्यात मणी होता आणि तो नेमका माझा दांडा टेकवायच्या जागेवर येत होता. धातू तिथं नको. मी दोरा वर सरकवला, तेलानं तो घसरून परत खाली आला. गाठ सोडायला गेले, ती वर्षानुवर्षांची, दगड झालेली. बाहेर सहा पेशंट थांबलेले.

"परशराम, हा काढावा लागेल."

"आईला इचारतो की, आक्का."

"दोरा तर आहे. त्यात काय विचारायचं?" असं म्हणून मी ट्रेमधली कात्री उचलली आणि कापला.

तो पोरगा मोठ्यानं "आई!" म्हणून ओरडला. झटक्याला नाही ओरडला, कात्रीला ओरडला. यल्लूबाई दाराचा पडदा बाजूला करून आत आली. ट्रेमध्ये पडलेला काळा दोरा तिनं बघितला आणि मटकन खाली बसली.

"जित्त्या माणसाचा करगोटा कापलीस? अगं, माझा ल्योक जित्ता हाय गं! अजून जित्ता हाय!"

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. करगोटा पुरुषाच्या कमरेवरून जिवंतपणी उतरत नाही. तो कापतात तो शेवटच्या आंघोळीच्या वेळी.

यल्लूबाईचा आक्रोश, पेशंटांचे दारातून डोकावणारे चेहरे, परशरामचं पांढरं पडलेलं तोंड, आणि मी त्या गोंधळात तपासणी पुरी करायला बघत होते. भरलेल्या जखमेवर जोरानं दाबायला मन धजेना. झटका दिला, सरळ रेघ. परत दिला, परत रेघ.

"काय आलं वो, आक्का?" परशरामनं विचारलं.

पेशंटला असं काही सांगायचं नसतं. रिपोर्ट डॉक्टर देतात. हे मी पंचवीस वर्षं नव्या मुलींना शिकवत आले होते. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "उत्तर येत नाही."

यल्लूबाई उठली. रडणं थांबलं होतं, ते जास्त वाईट होतं. "करगोटा कापलीस तवाच पाय मेला," एवढंच म्हणाली आणि पोराला उठवून घेऊन गेली. त्यानंतर मॅडम सुई घालून स्नायूची तपासणी करणार होत्या, तीही झाली नाही. मी हाका मारत जिन्यापर्यंत गेले. तो एकेक पायरी बसत बसत उतरत होता.

खोलीत परत आले, तर ट्रेमध्ये तो दोरा तसाच. मणी वर आलेला. आणि मला माझे आप्पा आठवले. मी काही परदेशातून आलेली नाही, मीही खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. आप्पांना अंगणात पाटावर बसवून आंघोळ घातली, तेव्हा अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, त्यांचा करगोटा कापला होता. तेव्हा आई ज्या आवाजात रडली तोच आवाज मी मघाशी ऐकला होता. मला सगळं ठाऊक होतं. नुसता पांढरा कोट घातला की माणूस आपल्या घरचं एवढं कसं विसरतो, ह्याची मला आजही लाज वाटते.

बाकीचे पेशंट आटोपले आणि परशरामच्या रेघा मी मशीनवर पुन्हा उघडून बघितल्या. बघता बघता चूक दिसली. आमच्या मशीनवर चित्र लहान-मोठं करायची सोय असते. चांगल्या पायाचा डोंगर प्रचंड, तो मावावा म्हणून चित्र लहान करून ठेवलेलं होतं. दुखऱ्या पायाला ते मोठं करायचं असतं, कारण तिथं डोंगर नसतो, असलंच तर वारूळ असतं. त्या रडारडीत मी ते बटण दाबलंच नव्हतं. दाबही अर्धा, चित्रही लहान. मग रेघ सरळ दिसणार नाही तर काय होणार?

मी मॅडमकडं गेले आणि सगळं सांगितलं. करगोटाही सांगितला. मॅडम धारवाडकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. आपल्या मराठीत म्हणाल्या, "आमच्याकडं पण उडदार, म्हणजे तुमचा करगोटा, कापत नाहीत की, आक्का. माझ्या वडिलांचा..." मग म्हणाल्या, "परत करू. मशीन कुठं पळून जात नाही. पण तो मुलगा येईल का?"

तो येईना. दवाखान्यातून दोनदा फोन केला, दोन्हीदा यल्लूबाईनं उचलला आणि ठेवला. तिसऱ्यांदा परशरामनं उचलला, तेव्हा व्यायाम तरी चालू आहे का विचारलं. "आई म्हणतीया मेलेल्या पायाला व्यायाम कशाला. मी बी सोडलोय, आक्का." मांडीचा स्नायू असा सोडून दिला तर पुढं नस जागी झाली तरी चालवायला काही उरत नाही. दर आठवड्याला तो पाय थोडा थोडा खरंच मरणार होता, आणि तो माझ्या एका वाक्यानं.

रविवारी मी गणपत गल्लीतून काळा करगोटा घेतला, जुन्या दोऱ्यातला चांदीचा मणी त्यात ओवला आणि खानापूरची बस पकडली. पुढं वडापची जीप. लावणीचे दिवस होते, सगळं गाव चिखलात उतरलेलं. परशराम सोप्यात जोत्यावर बसला होता, पाय लांब करून. त्या पायाची मांडी महिन्याभरातच दुसऱ्या मांडीपेक्षा उतरलेली दिसत होती. समोर तोच बैल बांधलेला, एक शिंग निळं, एक कोरं.

यल्लूबाई शेतातून आली. पदर खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून पाणी विचारलं नाही. आमच्या भागात दुष्मनाला पण पाणी विचारतात.

"आता कशाला आलीस? कापायचं काय ऱ्हायलंय?"

मी येताना बसमध्ये बरंच काय काय ठरवलं होतं. ते सगळं विसरले. "चुकलं माझं, आक्का," मी म्हटलं. "मी पण इकडचीच. मला ठाऊक होतं तरी कापला."

"ठावं असून कापलीस?"

"होय. गडबडीत. आणि दुसरं पण चुकलं. तपासणी पण नीट केली नाही. पाय मेलाय असं मी म्हणाले नव्हते, पण उत्तर येत नाही म्हणाले, ते पण खरं होतं की नाही मला ठाऊक नाही. परत बघायला पाहिजे."

बांधावरच्या बायका हाका मारत होत्या, तिकडं तिनं लक्ष दिलं नाही. मी पिशवीतून करगोटा काढून पुढं धरला. तिनं मणी ओळखला. हातात घेऊन चिखलाच्या बोटांनी तो पुसला, त्यानं तो आणखीच चिखलला.

"नवा बांधल्याबगर जुना काढत न्हाईत," ती म्हणाली. आवाज अजून कडक होता, पण आता ती मला शिकवत होती. "आदी नवा बांदायचा. मग जुना काढायचा. कंबर मोकळी ऱ्हाऊ देत न्हाईत. कापायचंच व्हतं तर ह्ये तरी करायचं हुतंस. दोराच लागतो का न्हाय? काय सोनं लागत न्हाय."

एवढं सोपं होतं. एकतीस वर्षांत मला मिळालेली सगळ्यात कामाची सूचना चिखलात उभ्या असलेल्या त्या बाईनं दिली. तिनं तिथंच पोराच्या कमरेला हा करगोटा बांधला, मग त्या दिवशी घरी येऊन बांधलेला साधा दोरा सोडला आणि मला म्हणाली, "पानी पितीस न्हवं?" मी दोन तांबे प्यायले.

मंगळवारी ते आले. ह्या वेळी मी यल्लूबाईला बाहेर बसवलं नाही, मशीनच्या पडद्यासमोर, परशरामच्या शेजारी खुर्ची दिली. नवा करगोटा जरा सैल बांधलेला होता, तिनं तो स्वतः वर सरकवला आणि मणी पाठीमागं घेऊन धरून बसली. मॅडम येऊन माझ्यामागं उभ्या राहिल्या. चांगला पाय आधी. मग चित्र मोठं केलं, एकदा नाही, तीनदा बटण दाबलं. दोन बोटांनी नाडी शोधली, जखमेच्या कडेनं बाहेर सरकले.

"परशराम, आता मी जोरात दाबणार. दुखेल. शिव्या दिल्यास तरी चालेल, हलू नकोस."

"दाबा की," तो दात आवळून म्हणाला.

मी दाबला. पहिल्या झटक्याला काही नाही. करंट वाढवला. रेघ जराशी थरथरली, पण तेवढ्यानं खात्री होत नाही, स्नायू दुसरीकडचाही हलतो. आणखी खोल दाबला, आणखी वाढवला. परशरामनं खरंच एक शिवी दिली, कन्नडमध्ये. आणि पडद्यावर एक टेकाड आलं. बारकं, पण कडा स्वच्छ. परत झटका दिला, परत तिथंच, तसंच. सहा वेळा दिला, सहाही वेळा आलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी मान वर केली नाही. मागून मॅडम हळूच म्हणाल्या, "आहे, आक्का. आहे."

"काय हाय?" यल्लूबाई उठून पडद्याजवळ आली. मी बोट ठेवून दाखवलं.

"हे तुमच्या पोराच्या पायाचं उत्तर."

"येवडंसं?"

"एवढंसंच. पण आहे. सगळी नस तुटली असती तर हे आलं नसतं."

तिनं पडद्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मग मॅडमनी सुईची तपासणी केली. परशरामला गुडघा ताठ करायला सांगितलं तर गुडघा हलला नाही, पण मशीनच्या स्पीकरमधून तुरळक टक्, टक् आवाज आला. दोन-चार धागे काम करत होते. मॅडमनी मोठ्या शहरात पाठवायचा विचार सोडला आणि व्यायामाचा कागद लिहून दिला. तो कागद यल्लूबाईनं देव्हाऱ्यात ठेवला आणि पोराला त्यातला एकही दिवस चुकवू दिला नाही, असं त्यानंच मला नंतर सांगितलं. रडून सांगितलं की हसून, ते ठरवणं अवघड होतं.

चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा टेकाडाची टेकडी झाली होती. पुढच्या सुगीनंतर आला तेव्हा जिना चढून आला, मांडीवर हात न ठेवता. मी दारात उभी राहून त्याचे हातच बघत होते. दोन्ही हात मोकळे होते, एकात लग्नाची पत्रिका होती.

त्याआधीच मी खणात ती डबी ठेवली होती. करगोटा आडवा आला की आधी घरच्यांना विचारायचं, नवा सैल दोरा वर बांधायचा आणि मगच जुना काढायचा, तोही जमेल तर गाठ सोडून. एखाद-दोन मिनिटं जास्त जातात. त्या मिनिटांत पेशंट शांत होतो, बायको किंवा आई पुढं येऊन गाठ बांधते, आणि नंतरच्या झटक्याला तो निम्मंच ओरडतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. मला ते एका बाईनं शिकवलं, जिचा मी अपमान केला होता.

ह्या कामानं मला पुष्कळ दिलं. माझ्या हातून निघालेल्या रेघांवरून माणसं उभी राहिली, आणि काही उभी राहिली नाहीत, त्यांच्या रेघाही मी खऱ्याच काढल्या. मॅडमनी माझी चूक चारचौघांत कधी काढली नाही. माझ्या तोंडावर दार न लावणाऱ्या माणसांच्या भागात मी जन्मले, हेही नशीबच. हे सगळे आभार मी मनात मानत होते, पण एक गोष्ट खुपत होती. त्या जुन्या दोऱ्याचे दोन तुकडे मी पाकिटात ठेवले होते, ते टाकताही येईनात आणि ठेवताही.

गेल्या वर्षी परशरामचा फोन आला. "आक्का, मुलगा झालाय. चौथा दिस हाय उद्या. आई बलवूलाली तुमास्नी. नक्की या म्हणतीया."

मी गेले. परशराम वडापच्या थांब्यावर घ्यायला आला होता. चढावर माझीच दमछाक झाली, तो पिशवी घेऊन पुढं चालत होता आणि मागं वळून म्हणत होता, "सावकास या, आक्का." घरात बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटलेली, ओव्याचा वास. यल्लूबाईनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या हातात काळा दोरा दिला. नवा, कोवळ्या सुताचा.

"बांद."

"मी? आक्का, घरच्या माणसानं बांधायचा. आत्या आहे, मावशी आहे..."

"तुजंच काम हाय त्ये," ती म्हणाली. "एक कापलीस न्हवं? मग एक बांद."

मी दोरा बाळाच्या कमरेभोवती फिरवला. कंबर कसली, माझ्या मनगटाएवढी. गाठ मारली ती घट्ट बसली.

"घट नगो," यल्लूबाई वाकून बघत होती. "वाडतंय प्वार. दोन बोटं जाऊ देत."

मी दोन बोटं दोऱ्याखाली घातली. आणि एकतीस वर्षांची सवय, बोटं आपोआप खाली सरकली आणि जांघेत थांबली. नाडी लागली. लहानशी, भराभरा उडणारी. तिच्या बाहेरच्या अंगाला एक बोट, तिथं ती नस.

"काय बगूलालीस?" यल्लूबाईनं विचारलं.

"हाय," मी म्हटलं. "जाग्यावर हाय, आक्का."